अडकलेला डिझेल फिल्टर काढताना या चुका टाळा

सोलापुरातून उजनी जलाशयाच्या काठावर बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त करायला मी नेहमी जातो. फिल्टर निघत नाही असा फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: फिल्टर कोणत्या बाजूने पाहून फिरवला?

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. फिरवून बसवायचा फिल्टर हेडखाली, म्हणजे तो ज्या धातूच्या बैठकीला आट्यांनी बसतो तिच्याखाली, डब्यासारखा लोंबतो आणि खालून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. बोटीत मात्र इंजिन पायाशी असते आणि माणूस त्यावर ओणवा होऊन वरून पाहतो, त्यामुळे सवयीने सुटण्याची वाटणारी दिशा प्रत्यक्षात आवळण्याची ठरते. अर्धा तास जोर लावून फिल्टर आणखी घट्ट करून ठेवलेली माणसे मला दरवर्षी भेटतात. मी स्वतः हात लावण्यापूर्वी डब्यावर खडूने सुटण्याच्या दिशेचा बाण काढतो आणि शिकाऊ मुलांनाही तो काढल्याशिवाय पाना देत नाही.

दुसरी चूक म्हणजे डब्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून तो फिरवणे. करमाळा तालुक्यातल्या एका तरुण बोटमालकाने मे महिन्याच्या भर दुपारी हा उपाय केला होता. मी पोचलो तेव्हा पातळ पत्रा उसवून पिळलेला होता, डबा हातात आला होता आणि जाड पत्र्याची तळचकती, म्हणजे डब्याचे आटे असलेली हेडकडची चकती, मात्र हेडला तशीच चिकटून होती. डिझेलच्या टाकीचा कॉक बंद न केल्यामुळे बोटीच्या तळात डिझेल साचले होते आणि तो ते पाण्यासोबत उपसून जलाशयात टाकण्याच्या बेतात होता. ज्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते त्यात डिझेल ओतणे मला सहन होत नाही, म्हणून आधी ते सगळे चिंध्यांनी टिपून कॅनमध्ये भरायला लावले. नंतर चकतीच्या कडेला बोथट छिन्नी तिरकी टेकवून, सुटण्याच्या दिशेने हलके ठोके देत आणि दर काही ठोक्यांनी जागा बदलत, ती दोन तासांत सोडवली. हेड ॲल्युमिनियमचे होते. एक ठोका वाकडा बसला असता तर आटे गेले असते आणि नवे हेड येईपर्यंत बोट काठाला राहिली असती.

हे सगळे टाळायला पट्ट्याचा पाना पुरतो. तो डब्याच्या वरच्या कडेजवळ, म्हणजे रबरी रिंगेच्या जवळ लावावा, कारण खालच्या टोकाला लावल्यास डबा चेपतो. डबा तेलकट असेल तर पुसून, पट्ट्याखाली पॉलिश पेपर खडबडीत बाजू डब्याकडे करून गुंडाळावा. झटके देण्यापेक्षा सावकाश वाढवलेला दाब रिंग सोडवतो; उतावळ्या माणसाला हे पटत नाही आणि त्याचाच डबा फाटतो.

ज्योतीने हेड तापवणे हा इंधनाजवळ आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, तो कधीही करू नये. इंजिन गरम असताना फिल्टर उघडू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी टाकीचा कॉक बंद करावा.

फिल्टर अडकतो तो बहुतेक वेळा मागच्या खेपेला कोरडी रिंग लावून पान्याने आवळल्यामुळे. जुनी रिंग हेडला चिकटून राहिली नाही ना हे हाताचे बोट फिरवून पाहावे, नव्या रिंगेला स्वच्छ डिझेल चोळावे, रिंग टेकल्यावर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा द्यावा. मधल्या भोकातून न गाळलेले डिझेल ओतू नये. ते थेट पंपाकडे जाते. इंधनाचा हातपंप दाबून ब्लीडिंग स्क्रूतून, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूतून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी, इंजिन दहा मिनिटे चालवावे आणि रिंगेखाली कोरडा कागद फिरवून ओल येते का ते तपासावे.