मेंबरशिप घेऊन स्वस्त पडतं का? आपल्याच घराचा हिशेब असा मांडा

दोन वर्षांपूर्वी मी एका किराणा ॲपची वर्षाची मेंबरशिप घेतली, हजार रुपये भरून. प्रत्येक वस्तूखाली ‘मेंबरांसाठी’ म्हणून वेगळा, कमी भाव दिसायचा आणि दर बिलाच्या शेवटी ‘तुम्ही इतके वाचवले’ असा ठळक आकडा यायचा. वर्षाअखेरीस सगळी बिलं काढून बसले, तेच सामान आमच्या गोरेगावच्या वाण्याकडे केवढ्याला मिळालं असतं ते लावून पाहिलं, तेव्हा खरी बचत निघाली ६४० रुपये. म्हणजे ३६० रुपये पदरचेच गेले. तेव्हापासून कुठेही वर्गणी भरण्याआधी मी हा हिशेब करते. एक वही, तीन महिन्यांची बिलं आणि एक रविवारची दुपार एवढ्यावर तो होतो.

आधी हे पाहा की आपल्याला मिळणारी मेंबरशिप नेमकी कसली आहे. पैसे भरून आत जायचं आणि घाऊक मापात माल घ्यायचा, ही पद्धत अमेरिकेतली. सोल प्राइस यांनी १९७६ साली सॅन डिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला, वर्गणी २५ डॉलर. कॉस्टको ही तिथली मोठ्या दुकानांची साखळी त्याच वाटेवरची. आपल्याकडे ‘मेट्रो’ ही घाऊक दुकानांची परदेशी साखळी २००३ साली आली ती फक्त व्यापाऱ्यांना माल विकण्यासाठी. परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे तिथलं कार्ड दुकानाचे किंवा धंद्याचे कागद दाखवणाऱ्यालाच मिळे. २०२३ मध्ये हा धंदा रिलायन्सने घेतला. घाऊक दुकानात जायचं असेल तर कार्ड कोणाला देतात, हे आधी काउंटरवर विचारून घ्या. ओळखीच्या दुकानदाराच्या कार्डावर घरचं सामान आणू नका. बिल त्याच्या जीएसटी नंबरवर फाटतं आणि घरी खाल्लेल्या साखरेचा हिशेब त्याला द्यावा लागतो. डीमार्टला तर कार्डच लागत नाही, आणि म्हणूनच तुलनेसाठी ते चांगलं. बाकी मुंबईत पैसे भरून मिळते ती बहुतेक ॲपची मेंबरशिप.

आता वही उघडा. गेल्या तीन महिन्यांत घरात खरोखर संपलेल्या वस्तू लिहा. आणलेल्या नव्हे, संपलेल्या. गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर, तेल, चहा, कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण अशा दहा-बारा ओळी पुरेत. समोर महिन्याचं माप लिहा. गणपती-दिवाळीचा महिना यात आला असेल तर बेसन, मैदा, तूप, साखर वेगळी काढा, नाहीतर चौघांच्या घराला महिन्याला आठ किलो साखर लागते असं वाटू लागेल.

तिसऱ्या रकान्यात भाव. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकले होते. ॲप दाखवतं ती बचत एमआरपीच्या मानाने असते. पण एमआरपीने आपण घेतो कुठे? वाणीसुद्धा डाळ-तांदूळ सुट्या भावाने देतो, डीमार्ट एमआरपीच्या खालीच विकतं. म्हणून तुलना करायची ती आज तुम्ही जिथे जाता तिथल्या भावाशी, आणि तीही किलोमागे. पाकिटांवर हल्ली एमआरपीजवळ ग्रॅममागचा किंवा मिलीलिटरमागचा भाव छापलेला असतो, तो वाचण्याची सवय लावून घ्या.

तेलात तर डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. एक लिटर खाद्यतेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३.६५ किलो, आणि शेजारीच १५ किलोचा डबा उभा असतो. समजा पहिला २,२५० रुपयांना आहे आणि दुसरा २,४०० ला. दिसायला पहिला स्वस्त, पण किलोमागे तो जवळपास १६५ रुपयांना पडतो आणि दुसरा १६० ला.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती मुंबईच्या हवेची आहे. सोलापूरला माझ्या आत्याकडे वर्षाचं धान्य कोठीत नीट राहतं. इथे जून लागला की भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं, रव्यात जाळी होते, तांदळात टोके पडतात, शेंगदाणे खवट होतात. घाऊक मापात घेतलेल्या वस्तूंचा खरा भाव त्यातलं किती टाकलं यावर ठरतो. रवा ५० रुपये किलो आहे असं धरा. पाच किलोच्या पिशवीवर आठ टक्के सूट, म्हणजे २३० रुपये. त्यातला अर्धा किलो पावसाळ्यात टाकावा लागला, तर उरलेला साडेचार किलो ५१ रुपयांनी पडला. सुटा घेतला असता तर स्वस्त होता.

म्हणून वहीतल्या वस्तूंवर दोन खुणा करा. कपड्यांची पावडर, साबण, टूथपेस्ट, फिनाइल, साखर आणि एरंडेल लावलेली तूरडाळ मोठ्या मापात घ्यायला हरकत नाही. रवा, मैदा, बेसन, दाणे, सुकामेवा, तयार मसाले महिन्याच्या वर घेऊ नका, कितीही सूट असो. बिस्किटं आणि फरसाण मात्र मी दोन्हींत धरत नाही. ती खराब होत नाहीत, संपतात. डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो, आणि महिन्याची बिस्किटं बारा दिवसांत जातात.

जागेचाही हिशेब करा. चारशे चौरस फुटांच्या घराचं भाडं २८,००० असेल तर एका फुटाला महिन्याला ७० रुपये पडतात. पलंगाखाली दोन डब्यांनी तीन फूट अडवले की २१० रुपये झाले. दुकान लांब असेल तर येण्याजाण्याचं रिक्षाभाडंही त्यात घाला. मुंबईत मीटर आता २६ रुपयांपासून सुरू होतो, आणि १५ किलोचा डबा घेऊन कोणी बसच्या रांगेत उभं राहत नाही.

आता भागाकार. वर्गणी १,००० रुपये, आणि मोठ्या मापाची खूण केलेल्या वस्तूंवर तुमच्या नेहमीच्या दुकानापेक्षा शेकडा चार रुपये वाचतात असं निघालं. मग वर्गणी वसूल व्हायला वर्षाला २५,००० ची खरेदी हवी, म्हणजे महिन्याला सुमारे २,१००. महिन्याचं वाणसामान सहा हजारांचं असलं तरी त्यातलं या दुकानातून घेण्याजोगं दोन हजारांचंच असेल, तर तुम्ही वर्षाला ४० रुपये तोट्यात आहात. घरपोच आणण्याचे पैसे वाचतात ते धरा, पण ज्या ऑर्डर तुम्ही एरवीही केल्या असत्या तेवढ्याच. ‘फुकट येतंय’ म्हणून मागवलेली कोथिंबिरीची जुडी धरू नका.

लेक-जावई अमेरिकेत असतील तर त्यांनाही हेच गणित सांगा. कॉस्टकोची साधी वर्गणी सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलर आहे, वरच्या दर्जाची १३०, आणि तिच्यावर खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. जास्तीचे ६५ भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते, महिन्याला साधारण २७०. दोघांच्या घरात तेवढी होत नसेल तर साधी बरी.

आकडा थोडक्यात हुकत असेल तर नाद सोडण्याआधी शेजारी विचारा. आमच्या मजल्यावर तिघी मिळून साखरेचं पोतं घेतो आणि वजनकाट्यावर वाटून घेतो. मोठ्या मापाचा भाव मिळतो, साठवण कोणाच्याच घरी नाही. मुंबईला ही रीत नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे: कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, आलेला माल सभासदांनीच वाटायचा. वाटपाच्या दिवशी हात लावायची तयारी असेल तर हीही एक मेंबरशिपच आहे, आणि तिची चौकशी करायला मी प्रत्येकाला सांगते.

घ्यायचं ठरलंच तर शक्यतो तीन महिन्यांची घ्या, आणि त्यातला एक तरी महिना पावसाळ्याचा असू द्या. पैसे भरताना ऑटोपेची खूण काढून टाका. ती राहिलीच, तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो मेसेज इतर पन्नास मेसेजांत हरवतो. त्यापेक्षा मुदत संपण्याच्या आठ दिवस आधीच्या चौकोनात भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘वही काढणे’ असं लिहून ठेवा.