आधी ‘कसं मोजलं’ ते वाचा

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळते. आमच्याकडे बी.एड.ची मुलं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, सिव्हिलवाले येतात, आणि अलीकडे नदीकाठी काम करणारे हौशी गटही येऊ लागलेत. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘मॅडम, शोधनिबंध मिळाला, पण वाचायचा कुठून?’ माझं उत्तरही ठरलेलं. सारांश बाजूला ठेवा, निष्कर्षाकडे बघूच नका. आधी पद्धतीचा भाग उघडा आणि वहीत चार रकाने आखा: काय मोजलं, कशानं मोजलं, कधी मोजलं, कोणावर मोजलं. हे भरल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

सारांश लिहिताना लेखक आपल्या कामाची बाजू मांडत असतो. त्यात गैर काही नाही, पण तो आधी वाचला की पुढचं सगळं आपण त्याच्याच नजरेनं वाचतो. विषय आपला नसेल तर जास्तच.

नदीचंच घ्या. पर्यावरणशास्त्राची एक विद्यार्थिनी दोन निबंध घेऊन आली होती, एक मुळा-मुठेवरचा आणि दुसरा युरोपातल्या एका सुधारलेल्या नदीवरचा. दोन्हींतले बीओडीचे आकडे शेजारी-शेजारी मांडून तिने तक्ता केला होता. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात ते प्रमाण. मी तिला ‘कशानं’ हा रकाना भरायला सांगितला. आपल्याकडची प्रमाण पद्धत म्हणजे नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवायचा. तिकडे २० अंशांना ५ दिवस. तिला वाटलं, तक्ता फुकट गेला. तसं नव्हतं. उबेत जिवाणू भराभर काम करतात, त्यामुळे सांडपाण्यासाठी हे दोन आकडे बरेच जवळ येतात.

खरी गाठ ‘कधी’च्या रकान्यात होती. मुठेवरचे नमुने कोणत्या महिन्यातले? खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असताना पुलावरून बाटली भरली तर घाण पातळ झालेली असते; एप्रिलमध्ये त्याच जागी वाहतं ते बरंचसं सांडपाणीच. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन दिवसभरातही बदलतो. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी उन्हामुळे तो वर चढतो आणि पहाटे तळ गाठतो. मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि नमुने घेतले जातात कार्यालयाच्या वेळेत! म्हणून नदी किंवा तलाव ‘सुधारला’ असं सांगणारा निबंध हातात आला की महिना आणि तास शोधा. कामाआधीचे आकडेही बघा. आणि जिथे काही काम केलं नाही अशा दुसऱ्या पट्ट्याची मोजणी सोबत आहे का, तेही तपासा. ती नसेल तर फरक कामाने पडला की चांगल्या पावसाने, हे कोणीच सांगू शकत नाही.

वैद्यकातल्या निबंधात मी ‘काय मोजलं’ या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ थांबवते. १९८०च्या दशकात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना हृदयाचे जादा ठोके दाबणारी औषधं दिली जात. ठोके दबत होते, ईसीजीवर ते दिसतही होतं. मग ‘कास्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत ठोक्यांऐवजी मृत्यू मोजले गेले. प्रत्येकी साडेसातशेच्या आसपास रुग्णांचे दोन गट होते. औषध घेणाऱ्यांत ६३ जण दगावले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २६. हे निकाल १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सविस्तर छापून आले. नर्सिंगच्या प्रत्येक बॅचला मी हे आवर्जून सांगते. रुग्णाला काय हवं होतं आणि संशोधकाने काय मोजलं, हे एकच आहे का, ते आधी बघा. रक्तातली साखर, स्कॅनवरचा डाग, ईसीजीवरची रेघ हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्यावरून माणूस किती जगला आणि कसा जगला हे आपोआप कळत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांचं काम त्यामानाने सोपं, कारण तिथे मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो सोडू नका, एवढंच. आपल्याकडे काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या घनावर २८ दिवसांनी तपासतात, अमेरिकेत दंडगोलावर. तेच काँक्रीट दंडगोलात घनाच्या साधारण ८० टक्के ताकद दाखवतं. अमेरिकन निबंधातला आकडा थेट आपल्या एम-२० या काँक्रीटच्या प्रतीशेजारी ठेवला की चुकलंच.

शिक्षणशास्त्रात मात्र घोळ मोठा, कारण तिथे सगळ्यांना वाटतं की आपल्याला विषय कळतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शिक्षण-पाहणीचे आकडे आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे आकडे एकाच परिच्छेदात गुंफलेले प्रबंध मी कितीतरी पाहिलेत. ‘असर’ ग्रामीण भागात घरोघर जाऊन होतं. मुलाला समोर बसवून अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि मग दुसरीच्या पातळीची गोष्ट मोठ्याने वाचायला देतात. संपादणूक सर्वेक्षण शाळेत, कागदावर होतं, आणि त्यात शहरंही असतात. एकात शाळेत न जाणारं मूलही सापडतं, दुसऱ्यात त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल सुटतं. पुण्याच्या महापालिका शाळांवर लिहिणाऱ्याने ‘असर’चा आधार घ्यायचा असेल तर ‘ग्रामीण’ हा शब्द लिहिलाच पाहिजे.

आता निबंध मिळवायचे कुठून. वैद्यकासाठी पबमेड, शिक्षणासाठी एरिक. दोन्हींवर फुकट शोधता येतं. पबमेडवर साधा शब्द टाकण्याऐवजी त्यांच्या विषयसंज्ञा वापरायला शिका, अर्धा कचरा तिथेच गळतो. पैसे मागणाऱ्या नियतकालिकांसाठी जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झालीय. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना त्यावरून मिळतात. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालाला विचारा. नसेल तर सरकारी संस्थेतल्या मित्राबरोबर तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसा.

शोधगंगा तर रोज उघडावी अशी जागा. तिथे देशभरातले पीएच.डी. प्रबंध प्रकरणवार ठेवलेत, मराठीतलेही. लोक पहिलं आणि शेवटचं प्रकरण उतरवून घेतात. तुम्ही परिशिष्ट उतरवा. प्रश्नावली तिथे असते, आणि प्रश्न कसा विचारला होता हे कळलं की उत्तराचं वजनही कळतं.

नियतकालिक खरं की पैसे घेऊन काहीही छापणारं, हेही तपासावं लागतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य नियतकालिकांच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या, मान्यवर सूचींबाहेरच्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असं २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं, आणि ते काम आपल्या पुण्यातल्या अभ्यासकांचं होतं. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही यूजीसीने २०२५मध्ये बंद केली. म्हणजे आता यादी दाखवून सुटका नाही. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का बघा. निबंध मागे घेतला गेलाय का, हेही ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या खुल्या नोंदींत शोधा.

एवढं करूनही एखादा रकाना रिकामा राहिला तर सरळ लेखकाला ईमेल करा. पत्ता पहिल्याच पानावर असतो. लांबलचक ओळख करून देऊ नका, आणि ‘तुमच्या संशोधनाबद्दल अधिक माहिती द्या’ असं तर मुळीच लिहू नका. एकच नेमका प्रश्न विचारा: ‘तक्ता २मधले नमुने कोणत्या महिन्यात आणि किती वाजता घेतले होते?’ असल्या प्रश्नाला लोक उत्तर देतात, कारण विचारणाऱ्याने निबंध खरंच वाचलाय हे त्यांना दिसतं. आलेलं उत्तर तारखेसह त्याच रकान्यात चिकटवा. दोन आठवड्यांत काही आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही शांतताच असेल तर रकान्यात ‘नमूद नाही’ असं लिहा आणि तुमच्या प्रबंधातही तसंच छापा.