कंपनी बंद पडतेय? राजीनाम्यावर सही करू नका
'हिशेब लवकर मिळेल' असं सांगून राजीनामा लिहून मागतात. देऊ नका, कामगार कपातीचं किंवा कारखाना बंद झाल्याचं पत्रच घ्या. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापला जात असेल, तर २००५ पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्ता आहे: पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. निदान दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मात्र यातलं काहीच नाही. भत्त्याच्या काळात घरच्यांचे उपचार चालू राहतात, शिवाय नवं काम शिकायच्या प्रशिक्षणाची फी ईएसआय महामंडळ भरतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात करायचा.