मेहरूण तलावावर पक्षी बघायचेत? ऊन पाठीवर घ्या

जळगावात मेहरूण तलावावर सकाळी गेलं की पाणी नुसतं चकाकतं आणि पक्षी काळे ठिपके वाटतात. त्यावर साधा उपाय:

१. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा, संध्याकाळी पश्चिमेच्या. सूर्य पाठीशी आला की काठाजवळच्या वारकरी या काळ्या पाणपक्ष्याची पांढरीशुभ्र चोच, शेकाट्याचे लांब गुलाबी पाय दुर्बिणीशिवायही ओळखू येतात. फार सुंदर दिसतात!
२. कपडे मातकट किंवा हिरवे घाला.
३. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत जा. हिवाळी पाहुणे आलेले असतात, शिवाय मेहरूणची बोरं पिकतात. हा आपल्या जळगावचा खरा ठेवा, बाजारातून आवर्जून घ्या.

बोरांसाठी काठावरच्या झाडांना दगड मात्र मारू नका. एका दगडात सगळा थवा उडून जातो.