ब्लूटूथचा स्वस्त बोर्ड हातात आला, आता पुढे काय? फोनवरून पहिला दिवा लागेपर्यंतची वाट

पाकीट फोडलं, बोर्ड लॅपटॉपला जोडला, त्यावरचा लाल दिवा लागला. फोनचं ब्लूटूथ उघडलं तर यादीत काहीच नाही. ईएसपी३२ हा वायफाय-ब्लूटूथचा छोटा बोर्ड पहिल्यांदा हातात घेणाऱ्या कित्येकांची पहिली संध्याकाळ इथेच अडते. बोर्ड बिघडलेला नाही, खणात टाकू नका. लाल दिव्याचा अर्थ एवढाच की वीज पोचली आहे. ब्लूटूथ सुरू करणारा प्रोग्रॅम आपण टाकत नाही तोवर रेडिओ गप्प राहतो.

माझा अनुभव असा, की पहिल्या दिवशीच्या दहातल्या आठ अडचणींचा ब्लूटूथशी काही संबंध नसतो. केबल, ड्रायव्हर, चुकीचा पोर्ट, फोनमधली एखादी परवानगी, यांतलंच काहीतरी निघतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एक पायरी चालली याची खात्री झाली की मगच पुढची.

कोणता बोर्ड आहे ते आधी वाचा

ईएसपी३२ हे एका चिपचं नाव राहिलेलं नाही, ते आता अख्खं घराणं आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची मूळ चिप २०१६ साली आली. तिच्यात ब्लूटूथचे दोन्ही प्रकार आहेत: जुनं क्लासिक आणि कमी वीज खाणारं लो एनर्जी, म्हणजे बीएलई. पुढच्या सी३, एस३ आणि सी६ या चिपांमध्ये फक्त बीएलई आहे. आणि एस२ मध्ये? वायफाय आहे, ब्लूटूथ मुळीच नाही. नाव सारखं, दिसायला सारखा, म्हणून एस२ घेऊन आलेले आणि दोन दिवस डोकं खाजवत बसलेले लोक मी पाहिलेत. जुन्या ईएसपी८२६६ चीही तीच गत. बोर्डवर पत्र्याचं चौकोनी झाकण असतं, त्यावर मॉड्यूलचं नाव छापलेलं असतं. शिकायला 'ईएसपी३२ व्रूम ३२' असं काही लिहिलेला मूळ बोर्ड सगळ्यांत सोयीचा, आणि हा लेख त्यालाच धरून आहे.

आपण बीएलई वापरणार आहोत. ब्लूटूथच्या ४.० आवृत्तीसोबत ते २०१० मध्ये आलं. क्लासिकवर सिरियल पोर्टसारखा सरळ संवाद साधता येतो आणि अँड्रॉइडवर तो मजेत चालतो, पण आयफोनवरची साधी ॲप्स त्याच्याशी बोलू शकत नाहीत. बीएलई दोन्हींकडे चालतं.

केबल आणि पोर्ट

यूएसबी केबल अशी घ्या जिच्यातून तुम्ही कधीतरी फाइल कॉपी केली आहे. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. लाल दिवा लागतो आणि संगणकाला मात्र काही कळत नाही. मी एकदा याच कारणासाठी तीन वेळा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता. केबल बदलली आणि पोर्ट लगेच दिसला.

बोर्डवर यूएसबीच्या तोंडाजवळ एक छोटी काळी चिप असते. तिच्यावर बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४० लिहिलेलं असतं, बारीक असतं, फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून वाचा. विंडोजवर त्या नावाचा ड्रायव्हर लागू शकतो. डिव्हाइस मॅनेजर उघडून बोर्ड काढा, घाला, पुन्हा काढा. 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली कॉम आणि एक आकडा असलेली ओळ येते-जाते का पाहा. ती आली की तो आकडा लक्षात ठेवा. लिनक्सवर ड्रायव्हर आधीच असतो, पण पोर्ट उघडायला तुमचं खातं बहुधा 'डायलआउट' गटात असावं लागतं.

आर्डुइनो आयडीईची तयारी

आर्डुइनो आयडीई म्हणजे प्रोग्रॅम लिहून बोर्डवर टाकायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. त्यात बोर्ड मॅनेजर उघडा, ईएसपी३२ शोधा आणि एस्प्रेसिफ सिस्टिम्सचं पॅकेज घ्या. यादीत आर्डुइनो कंपनीचं स्वतःचंही एक ईएसपी३२ पॅकेज दिसतं. ते त्यांच्या बोर्डांसाठी आहे, आपलं नव्हे. एस्प्रेसिफचं पॅकेज दिसलंच नाही तर त्यांच्या संकेतस्थळावरचा पॅकेज यादीचा पत्ता 'प्रेफरन्सेस'मध्ये टाकावा लागतो. डाउनलोड चांगलंच मोठं आहे, तेव्हा चहा टाका.

मग टूल्स मेनूतून 'ईएसपी३२ डेव्ह मॉड्यूल' हा बोर्ड आणि तुमचा कॉम पोर्ट निवडा. बाकीच्या पंधरा-वीस सेटिंग्जना हात लावू नका.

ब्लूटूथच्या आधी साधा दिवा

नेहमीचं 'ब्लिंक' उदाहरण उघडा. अनेक बोर्डांवर दुसऱ्या क्रमांकाच्या पिनला निळा एलईडी जोडलेला असतो. उदाहरणात 'एलईडी बिल्टइन' असं नाव आहे, आणि आपण निवडलेल्या बोर्डसाठी ते नाव ठरवलेलं नसलं तर कंपाइलर, म्हणजे प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा भाग, तिथेच अडतो. सरळ त्या जागी २ हा आकडा लिहा. बोर्डवर निळा दिवा नसेल तर बाहेरून जोडा: २३ क्रमांकाची पिन, तिथून ३३० ओहमचा रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय ग्राउंडला. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये २ ऐवजी २३.

अपलोड दाबल्यावर खाली 'कनेक्टिंग' आणि पुढे ठिपक्यांची रांग येते. ठिपके वाढतच गेले तर बोर्डवरचं 'बूट' बटण दाबून धरा आणि टक्केवारी दिसू लागली की सोडा. काही बोर्डांना हे दर वेळी लागतं. कंटाळा आला तर 'ईएन' पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, त्याचा धन पाय 'ईएन'कडे.

याच प्रोग्रॅममध्ये 'सेटअप'मध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, सिरियल ११५२०० वेगाने सुरू करून एखादा शब्द छापा. सिरियल मॉनिटरमध्येही, म्हणजे बोर्डने केबलवरून पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या आयडीईतल्या खिडकीत, तोच वेग निवडा. वेग जुळला नाही तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. 'ईएन' बटण म्हणजे रीसेट. ते दाबल्यावर आधी चिपच्या स्वतःच्या काही ओळी येतात आणि मग तुमचा शब्द. त्या ओळींमध्ये 'ब्राउनआउट' दिसलं तर समजा वीज कमी पडते आहे. एस्प्रेसिफ ५०० मिलिअँपिअर किंवा जास्त देऊ शकणारा पुरवठा सुचवते, कारण रेडिओ बोलायला लागला की तो क्षणभर भसकन वीज ओढतो. अशा वेळी बरेच यंत्र जोडलेला हब टाळा आणि केबल आखूड घ्या.

दिवा लुकलुकतोय, शब्द दिसतोय. आता रेडिओ.

पहिला बीएलई प्रोग्रॅम

एग्झाम्पल्समध्ये बीएलई, त्यात 'राइट'. पॅकेजच्या जुन्या आवृत्तीत तेच 'बीएलई राइट' नावाने आहे. उघडा आणि काही न बदलता अपलोड करा. कंपाइल व्हायला वेळ लागतो आणि साठवणुकीचा बराच मोठा भाग भरल्याचं दिसतं. घाबरू नका, बीएलईचं सॉफ्टवेअरच तेवढं जड आहे. पुढे वायफायही जोडलंत आणि जागा पुरेना झाली, तर टूल्समधल्या 'पार्टिशन स्कीम'मध्ये 'ह्यूज ॲप' निवडता येतं.

तोवर फोनवर नॉर्डिक कंपनीचं 'एनआरएफ कनेक्ट' हे मोफत ॲप टाका. नॉर्डिक दुसऱ्याच चिपा बनवते, पण ॲप कुठल्याही बीएलई यंत्राशी बोलतं. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचं असेल तर फोनचं लोकेशन चालू लागतं, नाहीतर स्कॅन रिकामं येतं आणि कारण कुणी सांगत नाही. अँड्रॉइड १२ पासून त्याऐवजी जवळच्या उपकरणांची परवानगी मागितली जाते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायला जाऊ नका. इअरफोनची सवय तिकडे ओढते. आपल्या यंत्राला पेअरिंग लागत नाही, ॲपमधूनच स्कॅन करायचं आणि ॲपमधूनच जोडायचं.

स्कॅनमध्ये 'माय ईएसपी३२' असं नाव दिसेल. घरात टीव्ही, घड्याळं, शेजाऱ्यांचे बल्ब अशी वीस-पंचवीस अनामिक यंत्रं यादीत असतील, म्हणून फोन बोर्डजवळ नेऊन सिग्नलच्या ताकदीवरून ओळखा. हा आकडा उणे असतो. उणे ४० म्हणजे अगदी जवळ, उणे ९० म्हणजे जेमतेम. बोर्डच्या टोकाला जी नागमोडी रेघ दिसते ती अँटेना. ती ब्रेडबोर्डच्या (तारा खोचायच्या भोकाभोकांच्या पाटीच्या) बाहेर राहू द्या, धातूच्या टेबलावर टेकवू नका.

'कनेक्ट' दाबल्यावर काही 'सर्व्हिस' दिसतील. बीएलई मला शाळेतल्या सूचना फलकासारखं वाटतं. फलकावर चौकटी असतात, एकेक चौकट म्हणजे 'कॅरॅक्टरिस्टिक', आणि एका विषयाच्या चौकटींचा गट म्हणजे 'सर्व्हिस'. कुठली चौकट वाचता येते, कुठलीत लिहिता येतं, हे बोर्ड ठरवतो. प्रत्येकीला ओळख क्रमांक असतो, यूयूआयडी. बॅटरीसारख्या ठरलेल्या गोष्टींना आखूड १६ बिटांचे क्रमांक मिळालेत, आपल्या मनच्या गोष्टींना १२८ बिटांचा लांबलचक क्रमांक वापरायचा.

अनोळखी नावाची, लांब क्रमांकाची सर्व्हिस उघडा. आतल्या चौकटीशेजारी बाण दिसतील. खाली जाणारा बाण दाबा, म्हणजे वाचा: 'हॅलो वर्ल्ड' येईल. मग वर जाणारा बाण दाबा, प्रकार म्हणून 'टेक्स्ट' निवडा, स्वतःचं नाव लिहून पाठवा. सिरियल मॉनिटरमध्ये 'न्यू व्हॅल्यू' आणि पुढे तुमचं नाव. हवेतून अक्षरं गेली.

आता दिवा फोनवरून

प्रोग्रॅममध्ये 'ऑनराइट' नावाचं फंक्शन आहे. फोनने काही लिहिलं की ते आपोआप चालतं. त्यात आलेल्या मजकुराची लांबी शून्याहून जास्त आहे का, अशी अट आधीच आहे. त्या अटीच्या आत आपल्या दोन ओळी जातील. मजकुराचं पहिलं अक्षर १ (इंग्रजी कीबोर्डवरचा) असेल तर पिन हाय, म्हणजे चालू, ० असेल तर पिन लो, म्हणजे बंद. आणि 'सेटअप'मध्ये पिन आउटपुट म्हणून जाहीर करायची, जे सगळेच एकदा तरी विसरतात.

इथे माझी अख्खी दुपार गेली होती. फोनवरून १ पाठवला, सिरियलमध्ये 'न्यू व्हॅल्यू' आलं, दिवा ढिम्म. वायर तपासली, एलईडी उलटा करून पाहिला. चूक फोनवर होती. ॲपमध्ये प्रकार 'बाइट ॲरे' होता, म्हणजे खरोखरचा एक हा आकडा जात होता, आणि प्रोग्रॅम मात्र १ या अक्षराची वाट पाहत होता. संगणकाच्या लेखी इंग्रजी १ हे अक्षर म्हणजे ४९, हेक्समध्ये (१६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत) ३१. 'टेक्स्ट' निवडून १ पाठवा किंवा बाइट म्हणून ३१, दिवा लागतो. प्रोग्रॅममध्ये १ भोवती एकेरी अवतरण चिन्हं टाकलीत का, तेही पाहा; ती नसतील तर नेमकं उलटं होतं. शंका आली की आलेल्या प्रत्येक बाइटचा आकडा सिरियलवर छापा, वाद मिटतो.

हमखास भेटणारे तीन त्रास

फोन तुटला आणि बोर्ड पुन्हा स्कॅनमध्ये येईना. जोडणी झाली की बोर्ड स्वतःची जाहिरात, म्हणजे 'मी इथे आहे' हा हवेतला पुकारा, थांबवतो, आणि पॅकेजच्या अनेक आवृत्त्यांमध्ये जोडणी तुटल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. तात्पुरता उपाय 'ईएन' बटण. कायमचा उपाय 'नोटिफाय' उदाहरणात लिहून ठेवलेला आहे: जोडणी तुटल्याचं लक्षात आलं की अर्धा सेकंद थांबून जाहिरात पुन्हा सुरू. तो चार-पाच ओळींचा तुकडा उचलून आणा.

चौकटी बदलल्या तरी फोन जुन्याच दाखवतो. फोन सर्व्हिसची यादी लक्षात ठेवतो. अँड्रॉइडवर ॲपच्या मेनूतून यादी ताजी करता येते. नाहीतर फोनचं ब्लूटूथ बंद करून चालू करा.

लांब मजकूर अर्धवट येतो. नोटिफिकेशनमधून, म्हणजे बोर्ड स्वतःहून फोनला पाठवतो त्या निरोपातून, एका वेळी मुळात २० बाइटच जातात, जोवर दोन्ही बाजू मोठ्या पाकिटावर सहमत होत नाहीत. आणि मराठी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. सहा-सात अक्षरांतच पाकीट भरतं.

बाहेरचं काही जोडताना पिनांचं थोडं भान ठेवा. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट थेट देऊ नका. ६ ते ११ या पिना आतल्या फ्लॅश मेमरीच्या, त्यांना हात लावायचा नाही. ३४ ते ३९ फक्त इनपुट. १२ वर सुरू होताना व्होल्टेज असेल तर बोर्ड बहुधा उठतच नाही.

दिवा नीट लागू-विझू लागला की 'नोटिफाय' उदाहरण घ्या. त्यात बोर्ड स्वतःहून फोनला आकडे पाठवतो, सेन्सरसाठी तेच लागतं. रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, लावून घरच्या विजेचं काही चालवायचा मोह मात्र इतक्यात नको. आत्ताच्या प्रोग्रॅमला पासवर्ड नाही, बाँडिंग (दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख कायमची साठवणं) नाही. तुम्ही जे ॲप वापरलंत तेच भिंतीपलीकडच्या कुणाच्याही फोनवर असू शकतं, आणि त्यालाही वर जाणारा बाण दाबता येतो.