शॉकअप गेलेत का? तपासा घरीच, मागचे बदलाही घरीच

उसाचा हंगाम संपेस्तोवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी आपल्याकडचे रस्ते पार उखणलेले असतात. त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचे शॉकअप लवकर बसतात. "थोडी उडते, चालतंय की," असं म्हणू नका. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप स्प्रिंगची उसळी जिरवतो आणि चाक रस्त्याला धरून ठेवतो. चाकच उडत असेल तर ब्रेक दाबूनही गाडी वेळेत थांबत नाही.

आधी गाडी सपाट जागी लावा. एक कोपरा अंगाचा भार टाकून दाबा आणि सोडा. वर येऊन लगेच थांबली तर ठीक. दोन-तीन झोके घेतले तर शॉकअप गेला. या परीक्षेत पास झाली तरी खाली वाकून बघाच. शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा. कोरडी धूळ लागली तर चिंता नाही, पण तेलात कालवलेल्या काळ्या मातीसारखा चिकट लेप आला तर सील फुटलंय. टायरवरही हात फिरवा. शॉकअप गेला असेल तर तो जागोजागी खोलगट झिजलेला लागेल.

बदलायचे तर डावा-उजवा जोडीनंच. पुढचे मात्र गॅरेजमध्येच द्या. बहुतेक गाड्यांत पुढे शॉकअपवरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती हातात सुटली तर जिवावर बेतेल. काम झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ, करून घ्या.

मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असेल तरच घरी हात घाला. आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. जॅक काळ्या मातीत लावू नका, ओल असली की तो खचतो. फरशी किंवा काँक्रीट हवं. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकनं उचलून जॅक-स्टँडवर टेकवा, चाक काढा. मग दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, द्या. ही पायरी गाळली तर शॉकअप सुटताच अ‍ॅक्सल खाली लोंबतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो.

खालचा बोल्ट, वरचा नट काढून जुना उतरवा. नवा उभा धरून तीन-चार वेळा दाबा-ओढा, म्हणजे आतली हवा निघते. बसवताना बुशाचे, म्हणजे शॉकअपच्या टोकाच्या रबरी कड्यातून जाणारे, बोल्ट आधी नुसते हातानं लावा. चाक चढवून गाडी जमिनीवर टेकली की मगच कसा. गाडी लटकती असताना कसले तर भार आल्यावर रबरी बुश पिळवटतात आणि लवकर फाटतात.