खानदेशातून गोव्याच्या ‘आयर्नमॅन ७०.३’ला जाताना करावयाची तयारी

गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या स्पर्धेमध्ये समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे तिन्ही टप्पे सलग पार करायचे असतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून जाणाऱ्याने तयारीचा आरंभ सायकलपासून नव्हे, तर पोहण्यापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. कारण मोकळा रस्ता आपल्याला गावाबाहेर पडताच मिळतो, समुद्र मात्र मिळत नाही.

तरण तलावात दर पंचवीस मीटरला भिंत येते आणि नकळत क्षणभर विसावा मिळतो. तो मोडण्यासाठी आठवड्यातून एकदा तरी भिंतीला हात न लावता वळावे आणि दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्यावर काढून समोरची खूण पाहण्याची सवय लावावी, कारण समुद्रात तळाची रेघ नसते आणि दिशा चुकली की अंतर वाढते. गोव्याचे पाणी उबदार असते, त्यामुळे तरंगायला मदत करणारा वेटसूट, म्हणजे पोहण्याचा रबरी पोशाख, घालायला मिळेल असे गृहीत धरू नये. मोकळ्या पाण्याचा सराव आवश्यकच आहे. परंतु गिरणेच्या पात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचा नूर पालटतो, म्हणून परवानगी, सोबत होडी आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा या तिन्हींवाचून कोणीही पाण्यात उतरू नये. एकट्याने तर कधीच नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यातील भुसावळचे ऊन सोसलेल्या माणसाला गोव्याचे ऊन किरकोळ वाटते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो व अंग निवते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीराचा ताप आतच राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमधील पावसानंतरच्या उकाड्यात मुद्दाम धावावे, आणि तासभर धावण्यापूर्वी व नंतर वजन करून किती पाणी गेले ते वहीत लिहून ठेवावे. एक किलो वजन घटले, तर साधारण एक लिटर घाम गेला असे समजावे. नुसते पाणी पीत राहून मीठ न घेणे हेही धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम उतरते.

सायकलबाबत थोडक्यात सांगायचे तर, शहाद्याहून तोरणमाळचा घाट पायांना बळ देतो, पण स्पर्धेत उपयोगी पडते ते सपाट रस्त्यावर तीन-साडेतीन तास एकाच लयीत बसणे. अशा लांब फेरीनंतर सायकल ठेवताक्षणी वीस मिनिटे धावावे, म्हणजे सायकलनंतर जड झालेले पाय ओळखीचे होतात. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवल्यास शिक्षा होते, म्हणून गटात चालवण्याची सवय वेळीच सोडावी.

सायकलवर दर तासाला सुमारे साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. रावेर-यावलची मध्यम आकाराची दोन केळी त्यातील बरीच गरज भागवतात, परंतु पाकिटातले शक्तिवर्धक जेल असो वा केळी, सरावात पचलेलेच स्पर्धेत खावे. शेवटचे तीन दिवस शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी बाजूला ठेवून साधा भात घ्यावा. घरच्यांना हे आधीच समजावून सांगावे, नाहीतर निघण्याच्या आदल्या रात्रीच आग्रहाचे ताट समोर येते.

सायकल खोक्यात भरताना पेडल व हँडल सोडवावे, मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमपासून काढून कापडात गुंडाळावा आणि ते सोडवायला लागलेले पाने त्याच खोक्यात ठेवावेत. पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी सायकल जोडून पाच किलोमीटर चालवून पाहावी, म्हणजे काही बिघडले असल्यास दुरुस्तीला एक पूर्ण दिवस हाती उरतो.